मोफत विजेच्या यंत्राला मीटर कुठे लावायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘इंधनाशिवाय वीज’, ‘एकदा फिरवा, कायम चालणारा जनरेटर’ अशा मथळ्यांच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येत असतात. बातमीत यंत्राचा फोटो असतो, पेटलेले दिवे असतात, शेजारी हार घातलेले संशोधक असतात. आकडे मात्र नसतात, आणि असलेच तर व्होल्टमध्ये असतात. मग कुणी जाणकार पत्र लिहितो की ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडता येत नाही. म्हणणे बरोबर, पण यंत्र बनवणाऱ्याचे त्याने समाधान होत नाही, कारण त्याच्या मीटरवर जास्तीचा आकडा खरोखरच दिसलेला असतो. तो आकडा आला कुठून, हे दाखवल्याशिवाय वाद मिटत नाही. इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेले लोक अशी सर्किट्स टेबलावर मांडून तपासतात तेव्हा काय हाती लागते, ते जरा विस्ताराने लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

उदाहरण म्हणून जगभर सर्वांत जास्त नकलले गेलेले सर्किट घेऊ. अमेरिकेतले जॉन बेदिनी यांची ही चुंबकी मोटर. एका शाळकरी मुलीने ती विज्ञान प्रदर्शनासाठी बनवली, म्हणून तिचे नावच ‘स्कूल गर्ल’ पडले. सामान फार नाही. सायकलच्या चाकावर किंवा प्लास्टिकच्या चकतीवर फेराइटचे चुंबक, सगळ्यांचा उत्तर ध्रुव बाहेर. समोर एक कॉइल, तिच्यात दोन तारा एकत्र गुंडाळलेल्या, साधारण चारशे-साडेचारशे वेढे, गाभ्यात वेल्डिंगच्या सळ्यांचे तुकडे. एक २एन३०५५ ट्रान्झिस्टर (करंट चालू-बंद करणारा स्विच), त्याच्या बेसला म्हणजे नियंत्रणाच्या पायाला ४७० किंवा ६८० ओहमचा रेझिस्टर, दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), एक छोटा निऑन दिवा आणि १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. चुंबक गाभ्यासमोरून सरकला की दुसऱ्या तारेत व्होल्टेज तयार होते, ट्रान्झिस्टर चालू होतो, मुख्य तारेतून करंट वाहतो आणि चुंबकाला धक्का बसतो. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलमधला करंट लगेच थांबायला तयार नसतो. तो डायोडमधून दुसऱ्या बॅटरीत शिरतो आणि तिला चार्ज करतो. दावा असा की पहिल्या बॅटरीतून जाते त्याहून जास्त दुसरीत येते.

आता एका धक्क्याचा जमाखर्च मांडू. कॉइलचे इंडक्टन्स, म्हणजे करंटमधल्या बदलाला ती किती विरोध करते त्याचे माप, २० मिलिहेन्री आणि करंट १ अँपिअरपर्यंत चढला असे धरा. साठलेली ऊर्जा म्हणजे इंडक्टन्सच्या निम्मे गुणिले करंटचा वर्ग, म्हणजे १० मिलिज्यूल. १२ व्होल्टवर करंट एवढा चढायला १.६७ मिलिसेकंद लागतात. करंट शून्यापासून एकपर्यंत चढतो, म्हणून सरासरी अर्धा अँपिअर. १२ गुणिले ०.५ गुणिले १.६७, उत्तर पुन्हा १० मिलिज्यूल. जेवढे घातले तेवढेच साठले. हे सुद्धा तांब्याला रोध नाही असे समजून. कॉइलचा रोध ३ ओहम असेल तर चढताना दीडेक मिलिज्यूल आणि उतरताना जवळपास तेवढेच तारेत उष्णता होऊन जाते. डायोड आपला पाऊण व्होल्ट खातो, ट्रान्झिस्टर थोडे खातो, सळ्यांच्या गाभ्यात घूर्णप्रवाह (लोखंडातच गरगरून उष्णता करणारे करंट) असतात, चाक फिरवायला काही जाते. दुसऱ्या बॅटरीला दहातले सहा-सात मिळाले तर सर्किट चांगले बांधले आहे असे म्हणायचे. सेकंदाला असे ६० धक्के बसले तरी हे सगळे प्रकरण अर्ध्या वॅटच्या आसपासचे.

तरी मीटर भलतेच काही सांगतो, ते का? पहिले कारण म्हणजे उसळी. दुसरी बॅटरी काढून ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर, म्हणजे कॉइलला जोडलेल्या पायावर, ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारे उपकरण) लावला की ९०-१०० व्होल्टची उंच सुई दिसते. १२ व्होल्ट घातले आणि १०० काढले, म्हणून लोक हरखून जातात. पण बॅटरी जोडली की कॉइलच्या टोकांवर तेराचौदा व्होल्टच उरतात, कारण बॅटरी त्याहून वर जाऊच देत नाही. करंटला जायला वाट नसते तेव्हाच व्होल्टेज उसळते. नळाची तोटी झटकन बंद केली की पाइप ठणकतो, तसेच हे.

ओघात निऑनचेही सांगून टाकू. हा दिवा ट्रान्झिस्टरच्या रक्षणासाठी आहे असे सगळीकडे लिहिलेले असते. २एन३०५५ची कलेक्टर-एमिटर मर्यादा ६० व्होल्ट आहे, निऑन पेटतो त्याच्याही वर, आणि पेटल्यावर त्यातून जातात जेमतेम काही मिलिअँपिअर. एक अँपिअरची उसळी तो काय अडवणार? दुसऱ्या बॅटरीची क्लिप निसटली की निऑन लाल दिसतो, एवढाच त्याचा उपयोग. तेवढ्यात ट्रान्झिस्टर गेलेला असू शकतो. तिथे ४७ व्होल्टचा झेनर किंवा टीव्हीएस डायोड लावावा, तो त्या व्होल्टेजच्या वर करंटला वाट करून देतो. आणि बाजारात मिळणाऱ्या २एन३०५५मध्ये नकली फार. हातात घेतल्यावर वजनाला हलका लागला तर शंका घ्यावी.

दुसरे कारण मल्टिमीटर. स्वस्त मल्टिमीटरची एसी रेंज ५० हर्ट्झच्या गुळगुळीत लाटेसाठी बनवलेली असते. तो सरासरी मोजतो आणि १.११ने गुणून दाखवतो. त्याच्या माहितीपत्रकातच ‘४० ते ४०० हर्ट्झ’ असे छापलेले असते, पण ते वाचतो कोण? टोकदार धक्क्यांवर तो आकडा निरर्थक होतो. समजा १०० ओहमच्या रेझिस्टरवर १०० व्होल्टचे धक्के बसताहेत, पण एकूण वेळेच्या फक्त दहावा भाग. खरी सरासरी शक्ती १० वॅट. सरासरी व्होल्टेज आणि सरासरी करंट गुणले तर १ वॅट येते, शिखरे गुणली तर १०० वॅट. सर्किट एकच, उत्तरे तीन. इनपुटकडे सरासऱ्या गुणण्याची रीत आणि आउटपुटकडे शिखरे गुणण्याची वापरली की झाली ‘मोफत वीज’. मुद्दाम कुणी करत नाही, पण ज्या आकड्याने आनंद होतो तो पुन्हा तपासला जात नाही.

यावर सोपा उपाय आहे आणि तो कुणाही हौशी माणसाला परवडतो. इनपुटला बॅटरी, मग अँमीटर, आणि अँमीटरच्या पुढे सर्किटच्या बाजूला ४७०० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर. धक्के कपॅसिटर सोसतो आणि अँमीटरमधून संथ करंट जातो. मग साधा डीसी मीटरही खरे बोलतो. व्होल्टमीटरच्या तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर आणि मीटरच्या टोकांवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की उसळ्यांमुळे भरकटणारे आकडे थांबतात. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असल्याने चूक हजारात एकीची. आउटपुटलाही तसेच करावे: डायोडनंतर मोठा कपॅसिटर आणि त्यावर ठरावीक रेझिस्टर. दोन्हीकडे डीसी झाले की गुणाकार वादातीत होतो. असे केल्यावर जास्तीची ऊर्जा नाहीशी झाली, तर ती मोजमापातच होती. ‘कपॅसिटर लावला की रेडियंट एनर्जी (म्हणजे यंत्रात बाहेरून येते असे मानलेली जास्तीची ऊर्जा) पळून जाते’ असे उत्तर यावर ठरलेले असते. पण मग बॅटरीत ती कशी टिकते, हे कुणी सांगत नाही.

ऑसिलोस्कोपवाले स्वतःला जास्त सुरक्षित समजतात, आणि फसतातही जास्त. करंट मोजायला ०.१ ओहमचा सिमेंटचा रेझिस्टर लावतात. आत तारेची गुंडाळी असते, म्हणजे तीही एक छोटी कॉइल. अर्धा मायक्रोहेन्री धरले आणि करंट मायक्रोसेकंदाला एक अँपिअरने बदलत असला, तर त्या रेझिस्टरवर अर्धा व्होल्ट नुसता इंडक्टन्समुळे येतो. पडद्यावर वाचणारा त्याचे ५ अँपिअर करतो. म्हणून १ ओहमचे दहा मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडावेत आणि प्रोबची (ऑसिलोस्कोपच्या मोजणीच्या तारेची) टोके थेट त्यांच्या पायांवर टेकवावीत. दुसरी फसगत दोन प्रोबमधल्या उशिराची. सर्किट १ मेगाहर्ट्झवर डोलत असेल आणि एक सिग्नल २० नॅनोसेकंद उशिरा पोचला, तर कोनात ७ अंशांचा फरक पडतो. कॉइल-कपॅसिटरच्या खेळात व्होल्टेज आणि करंट जवळपास ९० अंश दूर असतात. १०० व्होल्ट आणि १ अँपिअर दिसले तरी खरी शक्ती शून्याजवळ असते. तिथे त्या ७ अंशांतून १२ वॅट हवेतून निर्माण होतात. आणि चिन्ह उलटे पडले तर तेवढेच गायबही होतात, पण मग त्याचा व्हिडिओ कुणी टाकत नाही.

बेदिनीच्या सर्किटमध्ये आणखी एक खोडी आहे. दुसऱ्या बॅटरीची ऋण बाजू पहिलीच्या धन बाजूला जोडलेली असते, म्हणजे दोघींचा ग्राउंड एक नसतो. ऑसिलोस्कोपच्या दोन्ही चॅनलच्या ग्राउंड क्लिपा मात्र आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. एक क्लिप पहिल्या बॅटरीच्या ऋण बाजूला आणि दुसरी दुसरीच्या ऋण बाजूला लावली की पहिली बॅटरी प्रोबच्या तारेतून शॉर्ट. तार काळी पडते, कधी चॅनलच जातो. दोन्ही क्लिपा एकाच बिंदूवर ठेवाव्यात, हवे ते व्होल्टेज वजाबाकीने काढावे, आणि बॅटरीच्या धन तारेत २ अँपिअरचा फ्यूज असावा.

आता खरी पाणी मुरण्याची जागा: बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरीचे व्होल्टेज म्हणजे तिच्यातल्या ऊर्जेचे माप, हा समज सगळ्या घोळाच्या मुळाशी आहे. चार्जिंग काढल्या काढल्या तिच्या प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज १३ व्होल्टच्या वर दाखवतो. काही तास ठेवली की ती खाली येते. उलट वापरलेल्या बॅटरीला विश्रांती दिली की तिचे व्होल्टेज आपोआप वर चढते, आणि लोक म्हणतात ‘बघा, मागची बॅटरीही भरतेय’. जुनी, प्लेटांवर सल्फेटचा थर चढलेली बॅटरी तर पाच मिनिटांत १५ व्होल्ट दाखवते, कारण तिचा आतला रोध वाढलेला असतो. दिवा लावला की लगेच बसते. भरीला क्षमतेचा प्रश्न आहे. ७ अँपिअर-तास हा आकडा २० तासांच्या संथ वापरासाठी, म्हणजे ०.३५ अँपिअरला दिलेला असतो. त्याच बॅटरीतून ३.५ अँपिअर ओढले तर सात सोडाच, पाचही धड मिळत नाहीत. पहिली बॅटरी जोरात रिकामी केली आणि दुसरी छोट्या एलईडीवर हळूहळू तपासली, तर दुसरी जास्त चालणारच.

म्हणून चाचणी अशी करावी. सारख्या, एकाच वेळी विकत घेतलेल्या १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या. दोन्ही आधी साध्या चार्जरने पूर्ण भराव्यात, रात्रभर ठेवाव्यात, मग प्रत्येकीला ३३ ओहम १० वॅटचा रेझिस्टर लावून १०.५ व्होल्टपर्यंत उतरवावे आणि लागलेला वेळ लिहावा. करंट साधारण ०.३६ अँपिअर असतो, नवी बॅटरी १८ ते २० तास जाते. रेझिस्टर चांगलाच तापतो, लाकडी फळीवर ठेवू नये. १०.५च्या खाली जाऊ द्यायचे नाही, बॅटरी कायमची खराब होते. ही झाली बॅटरीची जन्मपत्रिका. त्यानंतर एक बॅटरी पुन्हा भरून मोटरला, रिकामी चार्जिंगला. मोटरची बॅटरी १०.५ला आली की थांबवावे, दुसरीला रात्रभर ठेवून त्याच ३३ ओहमवर उतरवावे आणि वेळ पाहावा. मग बॅटऱ्यांची अदलाबदल करून पुन्हा. एका फेरीत काही सिद्ध होत नाही. पाच फेऱ्या लागतात. पूर्ण बॅटरीत ८४ वॅट-तास असतात आणि लेड-ॲसिड स्वतःच भरताना-उतरताना पाचवा-चौथा हिस्सा गमावते. तेव्हा यंत्र शंभर टक्के असते तरी हाती ६३ ते ६७ वॅट-तास यायचे. प्रत्यक्षात दर फेरीला वेळ घटत जातो आणि पाचव्या फेरीपर्यंत पोचायची वेळही बहुधा येत नाही. धक्क्यांनी एखाद्या जुन्या बॅटरीचे सल्फेट थोडे उतरलेच तर तिची धारणशक्ती वाढते, पण रिकामी घागर मोठी झाली म्हणून तीत पाणी आपोआप येत नाही.

ज्यांना इतके दिवस थांबायचे नाही त्यांच्यासाठी आणखी छोटी युक्ती आहे. दोन्ही बॅटऱ्या काढा. आउटपुटच सर्किटला परत जोडा आणि मध्ये १ फॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टला भरून ठेवा. गाडीच्या ऑडिओसाठी मिळतो तो चालतो. त्यात ७२ ज्यूल असतात. ३ वॅट खाणारे यंत्र त्यावर १२वरून ६ व्होल्टवर १८ सेकंदांत येते. परतीची ऊर्जा मिळत असेल तर थोडा जास्त वेळ लागेल, ३० सेकंद, ४० सेकंद. व्होल्टेज वर चढले तरच चमत्कार. कपॅसिटरला बॅटरीसारखे पूर्वसंचित नसते, त्यामुळे खोट्याला लपायला जागाच उरत नाही.

आपल्याकडे अलीकडे जास्त गाजतो तो दुसरा प्रकार: एक हॉर्सपॉवरची मोटर, पट्टा, जड फ्लायव्हील, पलीकडे अल्टरनेटर; सुरुवातीला लाइनवर चालवायचे आणि मग प्लग काढून अल्टरनेटरवरच मोटर फिरवायची. मोटरची कार्यक्षमता ७५ टक्के, पट्ट्याची ९५, अल्टरनेटरची ८० धरली तर गुणाकार ५७ टक्के होतो. फ्लायव्हील यात भर घालत नाही, फक्त साठवते. पण साठवते किती पाहा: ५० किलोची, ३० सेंटिमीटर त्रिज्येची चकती मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल तर तिच्यात जवळपास २७,७०० ज्यूल असतात. १०० वॅटचा दिवा त्यावर कागदोपत्री साडेचार मिनिटे चालतो. घर्षण वजा केले, वेग उतरल्यावर दिवा मंदावतो तेही धरले, तरी दोन-तीन मिनिटे सहज निघतात. व्हिडिओ किती मिनिटांचे असतात, ते वाचकांनीच पाहावे.

अशा यंत्रांची औपचारिक तपासणी कधी झालीच नाही, असे नाही. मिसिसिपीच्या जोसेफ न्यूमन यांचे यंत्र १९८६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने तपासले. प्रत्येक स्थितीत आउटपुट इनपुटपेक्षा कमीच भरले. आयर्लंडच्या स्टिऑर्न कंपनीने २००६ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना आव्हान दिले, २२ जणांचे परीक्षक मंडळ बसले आणि २००९ मध्ये मंडळाने एकमताने सांगितले की ऊर्जानिर्मिती दाखवता आलेली नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ मध्येच शाश्वत गतीची यंत्रे तपासायला घ्यायचे बंद केले होते.

‘पेटंट मिळाले आहे’ या वाक्यालाही बातमीत फार वजन दिले जाते. बेदिनींना २००३ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले आहेच. पेटंट रचनेच्या नावीन्याला मिळते, पेटंट कार्यालय आउटपुट मोजून पाहत नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातले कलम ३(अ) प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेला दावा पेटंटयोग्यच मानत नाही. शिवाय भारतात कुठलाही अर्ज साधारण १८ महिन्यांनी तपासणीविनाच प्रसिद्ध होतो. त्या प्रसिद्धीचा कागद दाखवून ‘सरकारने मान्यता दिली’ म्हणणे म्हणजे परीक्षेचा फॉर्म दाखवून पास झालो म्हणणे.

हौशी लोकांनी ही सर्किट्स बांधूच नयेत, असे आमचे अजिबात म्हणणे नाही. इंडक्टर, स्विचिंग, डायोड शिकायला याच्याइतका स्वस्त धडा दुसरा नाही. मोबाइलच्या चार्जरपासून गाडीच्या इग्निशन कॉइलपर्यंत हेच तत्त्व आहे. आक्षेप आहे तो न मोजता छापण्याला. आपल्या वार्ताहराला मल्टिमीटर हातात घेण्याचीही गरज नाही. त्याने फक्त एवढे मागावे: यंत्र मोकळ्या टेबलावर, झाकलेली पेटी एकही नाही, बाहेरून आलेली तार एकही नाही, आणि १०० वॅटचा साधा पिवळा दिवा ४८ तास सतत. त्याला ४.८ युनिट लागतात. घरच्या इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात, म्हणजे तीन मोठ्या बॅटऱ्या लपवल्याशिवाय हे जमणार नाही, आणि तेवढ्या टेबलाखाली लपत नाहीत. दिवा एलईडीचा नको. तो कमी शक्तीवरही डोळ्यांना लख्ख दिसतो. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा पेटलेला असेल तर बातमी पहिल्या पानावर घ्यावी.

आपले,
काही हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाले

ता. क. अशा बऱ्याच प्रात्यक्षिकांत दोन्ही टोकांना पिना असलेली वायर दिसते. तिने अल्टरनेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटी सोडतात. एक टोक निसटले की उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. मेन स्विच चालू राहिला तर तीच वीज बाहेरच्या लाइनवर जाते, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतू शकते. फोटोत ती वायर दिसली तर निदान तो फोटो छापू नये.